तीन कंठांचा एक स्वर : लाल बावटा कलापथकाविषयी

एकट्या गायकाची थोरवी सांगणे तसे सोपे असते. त्याचा जन्म, त्याचा गुरू, त्याची मैफल, त्याचा मृत्यू, असा सरळ धागा हाती लागतो. पण तिघाचौघांनी मिळून उभारलेल्या गाण्याची थोरवी सांगायची म्हटली की लेखणी अडखळते. शब्द कोणाचे, कंठ कोणाचा, चाल कोणाची, याचा हिशेब मांडता मांडता जे खरोखर घडले ते निसटून जाते. कारण ते त्यांपैकी कोणा एकामध्ये नव्हतेच, त्यांच्या मधल्या जागेत होते. मराठीत अशा मेळ्याचे ठळक उदाहरण म्हणजे लाल बावटा कलापथक. १९४४ साली शाहीर अण्णा भाऊ साठे, शाहीर अमर शेख आणि शाहीर द. ना. गव्हाणकर या तिघांनी ते मुंबईत उभे केले. त्याच्या यशाविषयी बरेच लिहिले गेले आहे, त्याच्या विस्कटण्याविषयी कमी. या दोहोंचा एकमेकांशी काय संबंध होता, हे पाहावे, एवढाच आमचा हेतू.

कॅथोलिक कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या त्रैमासिकात लाल बावट्याचे काय काम, असे काही वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. अकरावे पायस यांनी १९३७ साली निरीश्वरवादी साम्यवादाविरुद्ध विश्वपत्र काढले. १९४९ साली रोमहून निघालेल्या आदेशाने त्या मताचा स्वीकार व प्रसार करणाऱ्या कॅथोलिकांना ख्रिस्तसभेच्या सहभागितेबाहेर ठेवले. आमच्या वडीलधाऱ्यांनी त्या काळी आपल्या मुलांना लाल झेंड्याच्या सभांपासून दूर ठेवले असेल तर त्यात नवल नाही, आणि त्यांना आज दोष देण्याचेही कारण नाही. तथापि तेराव्या लिओंनी १८९१ सालीच कामगाराच्या न्याय्य वेतनाचा प्रश्न ख्रिस्तसभेपुढे मांडला होता. आणि बाराव्या पायस यांनी १९५५ साली मे महिन्याचा पहिला दिवस कामगार संत योसेफ यांना वाहिला. मुंबईच्या गिरण्यांत व गोदीत राबणाऱ्यांत ख्रिस्ती माणसेही होती. हे शाहीर ज्या घामाविषयी गात होते, तो घाम कोणत्या धर्माचा हे विणल्या जाणाऱ्या कापडाला कळत नाही.

प्रथम माणसे. अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावी, आजच्या सांगली जिल्ह्यात, मातंग कुटुंबात झाला. पाळण्यातले नाव तुकाराम. आमच्या बेगडेवाडीपासून देहू फार दूर नाही. आषाढी वारीसाठी तुकोबांची पालखी तिथून निघते तेव्हा या नावाच्या योगायोगाची आठवण आम्हांला हटकून होते. शाळा दीड दिवसाची. कुटुंबासह वाटेगावाहून मुंबईपर्यंतचा प्रवास पायी. मग मुंबईत मिळेल ते काम, गिरणीतली नोकरी, आणि घाटकोपरच्या चिरागनगरातली झोपडी. अमर शेख हे बार्शीचे, जन्म २० ऑक्टोबर १९१६. मुसलमान घरातले, जात्यावरच्या ओव्या आईच्या तोंडून ऐकत वाढलेले. त्यांचा कंठ पहाडी होता, असे ऐकणारे एकमुखाने सांगत. तिसरे गव्हाणकर. स्वतः शाहीर, स्वतः रचनाकार. त्यांच्याविषयी लिहिताना आमची वाक्ये आखूड होतात, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. ते का, याकडे पुढे येऊ.

एक मातंग, एक मुसलमान, एक गव्हाणकर. आणि तिघांच्या मागे गिरणगाव. आजच्या भाषेत याला ऐक्याचे प्रतीक वगैरे म्हटले जाईल. आम्हांला तो शब्द पुरेसा वाटत नाही. प्रतीके भाषणात शोभतात. इथे प्रश्न सुराचा होता. तीन वेगवेगळ्या घरांतली, तीन वेगवेगळ्या प्रकारचे गाणे कानांत घेऊन आलेली माणसे एकाच पट्टीत कशी आली, हे समजून घ्यायचे तर शाहिरीच्या रचनेकडे पाहावे लागते.

पोवाड्यात मुख्य शाहीर पुढे असतो, हातात डफ. मागे तुणतुणे, झांज आणि झीलकरी. शाहीर कथा पुढे नेतो, कडव्याच्या शेवटी झीलकरी ती उचलतात, उंच स्वरात लांबवतात, आणि शाहिराला श्वास घ्यायला, पुढचा शब्द जुळवायला सवड देतात. वरवर पाहता झील म्हणजे केवळ साथ. वस्तुतः ती गाण्याचा कणा असते. शाहीर जे सांगतो ते एकाचे म्हणणे असते. झील पडली की ते अनेकांचे होते. श्रोता शाहिराबरोबर गाऊ शकत नाही, कारण शब्द नवे असतात. तो झीलेबरोबर गातो. म्हणजे मंच आणि मैदान यांच्यामधला पूल झीलकरी बांधतो, आणि नाव मात्र शाहिराचे होते.

सेमिनरीत शिकलेल्या माणसाला हे ऐकताना ग्रेगोरियन गायन आठवते. तिथेही स्तोत्र दोन बाजूंनी म्हटले जाते, एका बाजूने ओळ सोडायची, दुसरीने उचलायची. मात्र तिथे कोणाचाही आवाज वेगळा ओळखू येऊ नये, हाच गुण. ते गाणे रचणाऱ्यांची नावेही बहुतेक लुप्त आहेत. देहूची रीत तिसरी. कीर्तनकार पुढे उभा असतो खरा, पण टाळकऱ्यांनी ध्रुपद उचलले नाही तर त्याचे कीर्तन उभे राहत नाही. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांची आठवण वारकरी परंपरेने म्हणूनच जपली. शाहिरी या दोहोंहून वेगळी. तिला पुढचा माणूस हवाच असतो, आणि तो ठसठशीत, देखणा, आवाजी हवा असतो. तिच्या सामर्थ्याचे बीज इथे आहे, आणि संकटाचेही.

लाल बावटा कलापथकाने ही रचना घेतली आणि तिच्यात एक बदल केला. इथे पुढे एकच शाहीर नव्हता. शब्दांचा धनी अण्णा भाऊ, कंठाचा धनी अमर शेख, आणि दोघांच्याही अंगची काही कला असलेले गव्हाणकर, असे तिघेही शाहीर एका मंचावर होते. ज्यांपैकी कोणीही स्वतंत्र फड काढून चालवू शकला असता, अशा तिघांनी आळीपाळीने दुसऱ्याची झील धरायची, हे मराठी शाहिरीत सहज घडणारे नव्हते. आमच्या मते कलापथकाचे पहिले यश हेच होय. बाकीची यशे यातून आली.

त्यांचे विषय पाहावेत. स्टालिनग्राडचा पोवाडा अण्णा भाऊंनी कलापथकाच्या जन्माआधीच, १९४३ साली रचला. बंगालच्या दुष्काळावर त्यांनी रचना केली, अमळनेरला गोळीबारात पडलेल्या कामगारांवर केली, पंजाब-दिल्लीच्या दंग्यांवर केली. यांतील सर्वच रचना आज सारख्या टिकाऊ वाटतात असे आम्ही म्हणणार नाही. कधीही न पाहिलेल्या रशियन शहरावर पोवाडा रचताना कवीला जुन्या वीररसाच्या साच्यावर भार टाकावा लागतो, आणि घोषणा कवितेच्या आधी पोचते. भूक आणि गोळी या गोष्टी मात्र अण्णा भाऊंना कोणी शिकवाव्या लागल्या नाहीत. तिथे ओळ आपोआप आटोपशीर होते.

‘मुंबईची लावणी’ ही त्यांची आम्हांला विशेष महत्त्वाची वाटणारी रचना. पठ्ठे बापूरावांनी याच शहराच्या वैभवाची लावणी आधी गाजवली होती. अण्णा भाऊंनी तिला उत्तर दिले, पण उत्तरासाठी पोवाडा निवडला नाही, लावणीच निवडली. शृंगाराच्या चालीत झोपड्यांचे, उपाशी माणसांचे आणि मलबार हिलचे वर्णन बसवले. ऐकणाऱ्याचा पाय ठेक्यावर पडतो आणि त्याच वेळी शब्द त्याला लाजवतात. हा विरोध छापील पानावर अर्धाच कळतो. ढोलकी आणि झील यांच्याशिवाय ती लावणी वाचणे म्हणजे मिस्साविधीचे पुस्तक घरी एकट्याने वाचण्यासारखे आहे. अर्थ कळतो, घटना घडत नाही.

तमाशाकडे वळताना आमच्या काही वाचकांना संकोच वाटेल. आमच्या घरांतून तो शब्द दबक्या आवाजात उच्चारला जाई. बाप्तिस्मा झालेल्या माणसाने फडाकडे फिरकू नये, हा दंडक पुष्कळ ठिकाणी होता, आणि फडांतली दारू, बिदागी आणि स्त्रियांची विटंबना पाहता त्याला कारणही होते. अण्णा भाऊंनी तमाशाला हात घातला तेव्हा त्यांनाही त्यातले सर्व काही नको होते. त्यांनी वग ठेवला, सोंगाड्या ठेवला, त्याच्या तोंडी गरिबाची हजरजबाबी अक्कल दिली, गवळण वगळली, आणि गण बदलला. पारंपरिक गणात गणपतीला वंदन असते. त्या जागी त्यांनी मायभूमीला, कष्टकऱ्यांना आणि हुतात्म्यांना वंदन केले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘माझी मुंबई’ असे वग यातून आले.

या बदललेल्या गणाविषयी धर्मगुरू म्हणून आम्हांला काही म्हणावेसे वाटते. देवाच्या जागी श्रमिकाला बसवणे आम्हांला मान्य होणारे नाही. माणसाने माणसालाच अंतिम मानले की त्याच्या न्यायाला वरचे न्यायालय उरत नाही, आणि त्याचा दाखला विसाव्या शतकाच्या इतिहासाने भरपूर दिला आहे. पण आमच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत रोज मरियेचे स्तवन म्हटले जाते. सत्ताधीश आसनांवरून खाली येतात, भुकेले तृप्त होतात, असे त्यात आहे. आणि आम्ही ते इतक्या सवयीने म्हणतो की त्यातील धार बोथट झाली आहे. मंदिराबाहेरच्या माणसाने तेच डफावर म्हटले आणि लोक उठून बसले. त्याने देवाचे नाव गाळले, हा त्याचा दोष असेल. आम्ही नाव घेऊन बाकीचे मनात गाळत आलो, त्याचे काय?

आता विपत्ती. पहिली सरकारी. मुंबई राज्यात मोरारजी देसाई यांच्या कारभारात कलापथकाच्या तमाशांवर बंदी आली. अण्णा भाऊंनी तमाशाला ‘लोकनाट्य’ म्हणायला सुरुवात केली. ही पळवाट होती असे म्हणता येईल, पण ती साधी नव्हती. नाव बदलताच ज्या कलेला पांढरपेशा समाज तोंड फिरवत होता, तिच्याकडे तो तिकीट काढून येऊ लागला. पुढे लोकनाट्य हा शब्द मराठी रंगभूमीचा प्रतिष्ठित शब्द झाला. बंदीने कलापथकाला त्रास दिला, फोडले नाही. बाहेरचा घाव मेळ्याला बहुधा घट्ट करतो, हे ख्रिस्तसभेच्या इतिहासावरूनही वाचकांना माहीत आहे.

दुसरी विपत्ती घरची, आणि तिचे नाव पक्ष. ज्या पक्षाने या तिघांना एकत्र आणले, मंच दिला, श्रोते दिले, त्याची धोरणे झपाट्याने बदलत होती. १९४२ साली देश ‘चले जाव’ म्हणत असताना पक्ष युद्धाला लोकयुद्ध म्हणत होता. १९४८ साली तो सशस्त्र उठावाच्या भाषेवर आला, आणि काही वर्षांतच निवडणुकीच्या वाटेला लागला. शाहिराने प्रत्येक वळणावर नवे गाणे द्यावे अशी अपेक्षा असे. गाणे मात्र धोरणासारखे मागे घेता येत नाही, ते लोकांच्या तोंडी बसलेले असते. संस्थेच्या आश्रयाने वाढणाऱ्या प्रत्येक कलेचे हे दुखणे आहे. आमच्या धर्मग्रामांतल्या गायनवृंदांनाही नव्या धर्मगुरूबरोबर नवी गाणी शिकावी लागतात, हे आम्ही हसत हसत नमूद करतो.

या दोन्ही विपत्तींना पुरून उरेल असा विजय संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मिळाला. १९५५ च्या नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, १९५६ च्या फेब्रुवारीत पुण्यात समिती स्थापन झाली, आणि पुढची चार वर्षे महाराष्ट्र गाण्यावर चालला असे म्हटले तर ते थोडेसेच अतिशयोक्त होईल. अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड त्या काळातली. मुंबईला पोट भरायला आलेला माणूस गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो, इतकाच आरंभ. ऐकता ऐकता ती मैना तुटलेल्या मुलखाचे रूप घेते, बेळगाव-कारवार-निपाणीचे दुःख तिच्या मुखी येते, आणि हे स्थित्यंतर इतक्या हळुवार होते की श्रोत्याला आपण राजकारण ऐकतो आहोत याची जाणीव उशिरा होते. सीमाभागातल्या आमच्या कॅथोलिक बांधवांना तिचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. मराठी विरहगीतांत आम्ही तिला फार वरची जागा देतो. १ मे १९६० रोजी राज्य झाले.

आणि राज्य झाले त्याच सुमारास हा मेळा पूर्वीचा मेळा राहिलेला नव्हता. भांडण कोणते झाले, कोणामुळे झाले, याचे कुतूहल आम्हांला नाही. वाटा वेगळ्या झाल्या, एवढे पुरे. अण्णा भाऊ गद्याकडे वळले. ‘फकिरा’ १९५९ साली प्रसिद्ध झाली, बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेल्या त्या कादंबरीला १९६१ साली राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले, त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. अमर शेखांनी ‘कलश’ व ‘धरतीमाता’ हे कवितासंग्रह दिले, ‘प्रपंच’ या चित्रपटात काम केले, सभा गाजवत राहिले. दोघांचीही ही स्वतंत्र कामगिरी मोठी आहे. पण ती कलापथक नव्हे.

असे का व्हावे, याचा विचार करताना आम्ही मुद्दाम एक दूरचे उदाहरण घेतो. आमच्या तरुण वाचकांच्या कानावर त्यांची गाणी असण्याचा संभव आहे. त्याच काळात अमेरिकेत ‘सोल’ नावाचे संगीत जन्माला येत होते. शब्दाचा अर्थच आत्मा. कृष्णवर्णीय ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेतला प्रश्नोत्तराचा स्वर, म्हणजे जवळजवळ आपली झीलच, घेऊन ते प्रेमगीतांत आले. मोटारींच्या कारखान्यांचे शहर डेट्रॉइट. तिथे बेरी गॉर्डी यांनी १९५९ साली काढलेल्या मोटाउन कंपनीत १९६१ साली पाच जणांचा एक वृंद आला. नाव ‘द टेम्प्टेशन्स’, म्हणजे मोह. ज्याच्यापासून राखले जावे म्हणून आम्ही प्रभूच्या प्रार्थनेत रोज याचना करतो, तोच शब्द त्यांनी नावासाठी निवडला.

यातले एडी केंड्रिक्स व पॉल विल्यम्स हे अलाबामातल्या एकाच प्रार्थनामंदिराच्या वृंदात गात वाढलेले. १९६४ च्या आरंभी आलेला डेव्हिड रफिन हा तर प्रवचनकाराचा मुलगा, भक्तिगीतांच्या मेळ्यातून आलेला. ओटिस विल्यम्स व मेल्व्हिन फ्रँकलिन हे उरलेले दोघे. केंड्रिक्सचा रेशमी उंच स्वर, फ्रँकलिनचा पाताळात उतरणारा खर्ज, मध्ये रफिनचा फाटका, कळवळलेला आवाज. आणि पाचही जणांची एका तालात पडणारी पावले. ‘माय गर्ल’ हे त्यांचे गाणे १९६५ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. त्या गाण्यात पुढे रफिन आहे. पण त्याच्या ओळी संपतात तिथे मागचे चौघे ज्या मायेने शब्द उचलून धरतात, ते काढून टाकले तर एका सामान्य प्रेमिकाचे सामान्य बोलणे उरेल.

त्यानंतर तीन वर्षांनी रफिनला काढून टाकावे लागले. वृंदाच्या नावाआधी आपले नाव लावावे, असा त्याचा आग्रह होता. सुप्रीम्स या स्त्रियांच्या वृंदात डायना रॉस यांचे नाव तसे पुढे आलेही होते. तो चौघांपासून वेगळ्या, आलिशान गाडीतून प्रवास करी. काढल्यानंतरही तो त्यांच्या कार्यक्रमांत मंचावर चढून आपली ओळ गाई आणि लोक टाळ्या वाजवत. डेनिस एडवर्ड्स या नव्या गायकाबरोबर वृंदाने नवी वाट धरली आणि मोटाउनला पहिले ग्रॅमी पारितोषिकही मिळवून दिले. पण घर आतून पोखरले होते. १९७१ साली केंड्रिक्स बाहेर पडला. दारूने आणि आजाराने खचलेला पॉल विल्यम्सही त्याच वर्षी थांबला आणि १९७३ साली गोळी लागून मेला, ती आत्महत्या ठरली. रफिन १९९१ साली अमली पदार्थाच्या अतिसेवनाने गेला, केंड्रिक्स पुढच्या वर्षी कर्करोगाने. वृंद मात्र चालू राहिला, आणि तो चालवला ओटिस विल्यम्स यांनी. पुढे उभे राहून ते क्वचितच गात.

तुलना ताणण्यात अर्थ नाही. डेट्रॉइटच्या वृंदापुढे पैसा होता, आमच्या शाहिरांपुढे तुरुंग. रफिनसारखा अहंकार या तिघांपैकी कोणाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण दोन्हीकडे श्रोत्यांनी एकच गोष्ट केली. मेळ्याने दिलेला आनंद त्यांनी पुढच्या माणसाच्या खात्यावर जमा केला. वृत्तपत्रे, चित्रपट, सत्कार समित्या, पारितोषिके, या सगळ्यांना एक नाव हवे असते. गायक फुटतात त्याच्या आधी श्रोते त्यांना वेगवेगळे करून ठेवतात, असे आमचे निरीक्षण आहे.

मराठीत यात आणखी एक भर पडली. शाहिरी ऐकण्याची वस्तू. आपल्यापर्यंत पोचला तो मुख्यतः छापील शब्द. शब्द म्हणजे अण्णा भाऊ. त्यामुळे त्यांच्यावर ग्रंथ झाले, विद्यापीठांतून प्रबंध झाले, आणि ते योग्यच झाले. ज्या समाजाला अक्षर नाकारले गेले त्यातून आलेल्या माणसाला साहित्यात उशिरा का होईना जागा मिळाली. अमर शेखांची दंतकथा झाली. जो आवाज ऐकणारी पिढी सरत आली, त्याचे वर्णन विशेषणांनी करावे लागते, आणि विशेषणे झिजतात. गव्हाणकरांकडे ना शब्दाचा एवढा मोठा छापील ठेवा, ना कंठाची दंतकथा. कलापथकाविषयीच्या लेखांत त्यांचे नाव बहुतेक वेळा ‘आणि’ या शब्दानंतर येते. आम्हीही वर तसेच लिहिले आहे, कारण मराठी वाक्याला आता तीच सवय झाली आहे.

मेळा बांधून ठेवणारा माणूस कोण होता, याचा शोध घ्यायचा तर तो कदाचित याच ‘आणि’ नंतर घ्यावा लागेल. झीलकऱ्याचे चरित्र लिहिण्याची रीत आपल्याकडे नाही.

१९६९ साली १८ जुलैला अण्णा भाऊ गोरेगावला वारले. वय एकोणपन्नासलाही पोचले नव्हते. तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या या माणसाची अखेरची वर्षे हलाखीत आणि एकाकी गेली. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख मोटार अपघातात गेले. बेचाळीस दिवसांत शब्द आणि कंठ दोन्ही मातीला मिळाले. ज्या राज्यासाठी ते गायले, त्याला तेव्हा नऊ वर्षे झाली होती. त्या राज्याने अण्णा भाऊंच्या जिवंतपणी त्यांच्या पोटाची काय व्यवस्था केली, हा प्रश्न त्या काळच्या कोणत्याही पक्षाला सुखाचा नाही; ज्यांच्यासाठी त्यांनी आयुष्य झिजवले त्या पक्षाला तर नाहीच. २००२ साली त्यांचे टपाल तिकीट निघाले, २०२२ साली मॉस्कोत पुतळा बसला. तिकिटावर एकच चेहरा मावतो.

आमच्या कॅथोलिक वाचकांना यात परके वाटण्यासारखे फार थोडे आहे. १९६३ च्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला; त्यात लोकांच्या गायनाला उत्तेजन द्यावे आणि ज्या त्या देशाच्या संगीतपरंपरेचा आदर राखावा असे सांगितले. फादर थॉमस स्टीफन्स यांनी सतराव्या शतकाच्या आरंभीच ओवी हाती घेऊन क्रिस्तपुराण रचले होते, ना. वा. टिळकांनी अभंग व कीर्तन जवळ केले होते. महासभेनंतर तबला, पेटी आणि टाळ मिस्सामध्ये आले. डफ मात्र फारसा आला नाही, आणि झील तर नाहीच. १९६७ साली रोमहून आलेल्या संगीतविषयक सूचनांत गायनवृंदाचे काम लोकांच्या जागी गाणे नसून त्यांना गायला साह्य करणे हेही आहे, असे सुचवले होते. आज पुष्कळ मंदिरांत काय ऐकू येते? ध्वनिक्षेपकाजवळ एक गोड आवाज, मागे विजेच्या पेटीचा तयार ठेका, आणि बाकावर बसलेली मौन मंडळी. गोड आवाजाला आमचा विरोध नाही. पण ख्रिस्तसभेत झील हा मुख्य गायकाच्या विश्रांतीचा वेळ नसून प्रजेचा वाटा आहे, हे वृंदांना शिकवणारे कोणी उरलेले नाही. गिरणगावातल्या तीन शाहिरांना ते ठाऊक होते, आणि त्यांना आमच्यापैकी कोणी शिकवले नव्हते.

या विषयात एक काम अजून होण्यासारखे आहे, आणि त्याला वेळ थोडा आहे. १९५५ ते १९६० च्या सभा ज्यांनी मुलगा किंवा मुलगी म्हणून वडिलांच्या खांद्यावरून ऐकल्या, असे वृद्ध आमच्या कुटुंबांत अजून आहेत. मुंबई, पुणे, खडकी, देहूरोड, लोणावळा इथल्या कामगार घरांत विशेष. अमर शेखांचा आवाज कसा होता, हे त्यांना पुष्कळांनी विचारले असेल. झील कोण धरत असे, ते कुठे उभे राहत, त्यांच्या हातात काय असे, आणि मैदानातले लोक कोणत्या क्षणी त्यांच्यात सूर मिसळत, हे विचारून कोणी लिहून पाठवील, तर पुढील अंकात ते अवश्य छापू.